हजराची जागा

काल मोर्चाने रत्नागिरीच्या बाजारात मुसलमानांच्या दुकानांवर दगडफेक केली होती. सकाळी मांडवीच्या बसथांब्यावर मासेवाल्या सगुणा आणि गोदा बोलत होत्या.

"सगुणे, आज कशाला जातेस गो? बाजार भरायचा नाय."

"मी बसले की भरला."

"डोकं फोडून घेशील."

"टोपली धरीन डोक्यावर."

"नि हे दुसरं गोणपाट कोणाचं?"

"हजराचं. ती भिऊन घरात बसलीय. तिच्या जागेवर अंथरते. मोकळी दिसली तर दुसरी कोण बसेल, मग उठायची नाय."

"मोर्चावाले विचारतील, कोणाचं म्हणून."

"विचारूदेत. तिचंच नाव सांगेन."

बस आली.

"चढ पुढे," गोदा म्हणाली. "त्या गोणपाटाच्या पलीकडे मी बसते."