हरी पट्टी

नदीचं काही विचारू नका मले, हातातला चहा कडू होते. बालाघाटात वैनगंगेचा काठ पुन्हा जिवंत करायचा होता, त्याचं डिझाइन मीच काढलं होतं नं! उंबर, करंज, जांभूळ, खालचं गवत, सारं जसंच्या तसं ठेवायचं होतं. नकाशात तेवढी जागा हिरव्या रंगानं भरली, अन् ठेकेदाराले समजावं म्हणून वर हिंदीत लिहून देल्लं, 'हरी पट्टी'.

मंग मायची तब्येत बिघडली, म्हणून महिनाभर मी खैरलांजीले राह्यलती. परत येऊन पाह्यते तं काय, काठावर सिमेंटचा उतार, अन् त्याच्यावर पार पुलापर्यंत हिरवा ऑइल पेंट!

"भाऊ, हे काय करून ठेवलं?"

ठेकेदार एकदम खुशीत. "हरी पट्टी, मॅडम! नक्शे में जितनी चौड़ी थी, उतनी ही मारी है."

"अन् झाडं कुठं गेली?"

"वो तो काटने पड़े न. पट्टी के बीच में आ रहे थे."

मी डोक्याले हात लावून तिथंच खाली टेकाले गेली, तं हा माणूस ओरडला, "अरे, बैठना मत मॅडम! हरियाली अभी गीली है."