रोज एका माणसाशी

देवराज मोहल्ल्यातल्या दवाखान्यात एक आजोबा आणि एक तरुणी शेजारी बसून नंबराची वाट बघत होते.

“डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही, अम्मा. रोज घराबाहेर पडायचं अन् एका माणसाशी बोलायचं. अष्टे, एवढंच.”

“जमतं का काका?”

“जमतं की. मार्केटात फुलवाली आहे, आमच्या हिची जुनी ओळख. तिच्याशी बोलतो.”

“काय बोलता?”

“ती विचारते, अक्का कशा आहेत. मी म्हणतो, बऱ्या आहेत. मग ती हातानं मोजून मल्लिगेचा गजरा देते.”

“काकूंना आवडत असेल ना मोगरा?”

“फार. अक्कांसाठी म्हणून ती मापापेक्षा जास्तच देते. फोटोला दोन वेढे पडतात.”