दोन बादल्या, एक पिंप

—कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही हो भाऊ माझ्यावर! बावीस वर्षं त्या मुलींच्या हॉस्टेलात झाडू मारला, संडास घासले, मोरीत पडलेली कानातली हात घालून काढून दिली—आणि एका फोटोवर मला घरी बसवलं. एका फोटोवर! नाही नाही, हे टाइप नका करू अजून. आधी ऐकून घ्या, दुकानात गर्दी नाही तुमच्या आणि मलाही आता कुठे जायचं नाहीये. मला ब्लॉग लिहायचाय. हसताय कशाला? चौथीपर्यंत शिकलेय मी, वाचता येतं चांगलं, ही बटणं तेवढी जमत नाहीत. तेव्हा मी बोलते, तुम्ही टाइप करा, आणि मी ‘हे आपल्यातलं’ म्हटलं की हात वर उचलायचे. ठरलं? ठरलं.

तर चौथ्या मजल्यावर एक पोरगी राहते, तिला सगळ्या हिरवी म्हणतात. तिचा ब्लॉगच आहे तसा—‘हिरवी सवय’. तरुण पोरापोरींनी कसं वागावं ते सांगते त्यात. पाण्याची बाटली आपली आपण भरून न्या, कापडी पिशवी जवळ ठेवा, शॉवर सोडा आणि बादलीनं आंघोळ करा, ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. खोटं कशाला बोलू, सवयी चांगल्याच आहेत. पोरी वाचायच्या आणि वागायच्यासुद्धा—पहिले चार दिवस! मग काय? मग निळ्या बादलीत नूडल्सचं पाणी आणि हिरव्या बादलीत शाम्पूच्या पुड्या. आणि ते निवडायचं कुणी? ही बसलीय ना तुमच्यासमोर, हिनं. सहा महिने ह्या हातांनी निवडलं, आणि तिनं लिहिलं काय, तर ‘आमच्या हॉस्टेलनं करून दाखवलं’. हॉस्टेलनं! हॉस्टेलला हात असतात होय?

उघडा तिचा तो लेख. खाली—अजून खाली—हा. बघा. मागचं अंगण, एक बाई पाठमोरी, आणि दोन्ही बादल्या एकाच पिंपात उपड्या. वर काय लिहिलंय? ‘आपण वेगळं करतो, ही एकत्र करते.’ आणि खाली चारशे जणांनी आपलं आपलं लिहिलंय. एक म्हणतो, आजपासून माझा कचरा मीच खाली नेणार. एक म्हणते, आमच्या घरच्या बाईवरही लक्ष ठेवायला हवं. शहाणी झाली हो चारशे पोरं—माझ्या पाठीवर बसून! रेक्टरबाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला, म्हणाल्या, ही तूच ना? मी म्हटलं, बाई, पाठ आहे ती, पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं? हल्ली संगणकावर बनवतात असले फोटो. तर म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. चहासुद्धा अर्धा राहिला माझा.

पण मीही काही हात हलवत घरी आले नाही. शेवटचा मजला झाडला आणि ही पिशवी भरून आणली. घ्या, उघडा. वास येणार नाही, सगळं धुऊन वाळवलंय. ही हिरवीच्या खोलीतली पार्सलांची वेष्टनं—प्रत्येकावर तिचं नाव, तिचा खोली नंबर. एका महिन्याची चौदा! आणि हे बघा, हे खास आहे—कापडी पिशवी मागवली होती तिनं, ती ह्या फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली. ह्या सगळ्याचा फोटो काढा, लेखात घाला, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव. हिच्यामुळे माझं काम गेलं म्हणून. माझी पाठ गावभर फिरली ना? आता तिचा कचरा फिरू दे. तिलाही लोकांनी वळून वळून बघावं. तिलाही भाजीला मागच्या गल्लीनं जायची पाळी यावी. नाही, मला दया नाही यायची. माझी कुणाला आली?

एकटी बारकी तेवढी माझ्या बाजूनं. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. मीच तिला चिकटवली होती तिथे, चादरींच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरींना इस्त्री करायची, घड्या घालून रचायच्या, बसून काम. आता माझी जागा तिला दिलीय, चाव्यांचा जुडगा तिच्या कमरेला. रडली हो बिचारी, म्हणाली, ताई, तुझी जागा मी कशी घेऊ? मीच म्हटलं, घे, परक्या बाईपेक्षा तू बरी. रोज संध्याकाळी येते, माझा हात हातात घेते आणि म्हणते, ‘ताई, तू असलं करणारच नाहीस.’ ह्या ब्लॉगचं बोलले तर घाबरलीच—‘सोड ना, कशाला त्या पोरीच्या नादी लागतेस!’ भाबडी आहे पहिल्यापासून.

चला, घ्या लिहायला. ‘मुलांनो आणि मुलींनो, बादलीला रंग दिला म्हणून कचरा आपोआप वेगळा होत नाही. ताटातलं खरकटं आधी निपटून टाका. दुधाची पिशवी विसळून वाळवा, मग निळ्या बादलीत. आणि ब्लेड कागदात गुंडाळा, वर ब्लेड असं लिहा आणि हातात द्या. केळीच्या सालीत लपेटून ओल्या बादलीत टाकू नका, कारण त्या बादलीत कुणाचा तरी हात जात असतो’—झालं? बोटं चालतात हो तुमची—‘माझा गेला. हे इथपासून इथपर्यंत चिरलं, रक्त थांबेना, सकाळचे अकरा, पोरी सगळ्या कॉलेजात, रेक्टरबाई बाहेर, ओरडायचं तरी कुणावर? मग डोकंच फिरलं माझं आणि केल्या दोन्ही बादल्या उपड्या त्या पिंपात, घ्या म्हटलं तुमचा ओला आणि घ्या तुमचा सुका’—

थांबा. हे आपल्यातलं. खोडा ते. खोडा म्हणते ना! एकदा झालं, सहा महिन्यांत एकदा, आणि असं बघू नका माझ्याकडे. एकशे ऐंशी दिवस निवडलं तेव्हा नाही कुणी फोटो काढला.

काय? काय म्हणालात? ती पोरगी कॉलेजात होती तर फोटो कुणी काढला? हो, होती कॉलेजात. मग? आली असेल मध्येच, तिचं काय सांगावं. फोटोखाली बारीक अक्षरात काय आहे? वाचा की मोठ्यानं. ‘फोटो एका वाचकाने पाठवला.’ वाचक? अकरा वाजता कुठला वाचक? वॉचमन पुढच्या फाटकाशी बसतो, त्याला मागचं अंगण दिसत नाही. आणि हा तर वरून काढलाय. मोठा करा जरा. अजून मोठा. हा कोपरा—इथे डाग आहे हो तुमच्या स्क्रीनवर, तपकिरी. थांबा, रुमाल आहे माझ्याकडे, पुसते. जात नाही. फोटो खाली सरकवा बरं.

तोही सरकला.

म्हणजे फोटोतच आहे. पट्टी आहे ती. एक अशी, एक तशी. फुली.

चादरींच्या खोलीची खिडकी, भाऊ. काच तडकली होती तिची. हिरवीच्या पार्सलाची चिकटपट्टी सोडवून मीच फुली मारली होती काचेवर, बारकीला वारा लागू नये म्हणून. त्या खोलीच्या किल्ल्या दोन. तेव्हा एक माझ्या कमरेला, दुसरी बारकीकडे, आणि मी तर ही इथे, खाली, पिंपाशी. रेक्टरबाईंच्याही आधी हा फोटो मला पहिल्यांदा दाखवलाही तिनंच. तिच्या एवढ्याशा फोनवर. हा कोपरा तिच्या अंगठ्याखाली होता.

‘तू असलं करणारच नाहीस.’ रोज म्हणायची. डोळ्यांनी बघून!

पाणी नको मला. ती वेष्टनं भरा परत पिशवीत, त्यांचा फोटो नको. हिरवीचं नाव काढा. ब्लेडचं राहू दे, आणि मी खोडायला लावलं तेही घाला परत—हो, दोन्ही बादल्या मीच उपड्या केल्या, घाला. आता खालचं नाव. सांगते ना, बोटं ठेवा बटणांवर. मोठ्या अक्षरांत. लिहा—

बारकी.