समोरचा घेतो तो पैसा

...आणि वर मलाच म्हणतो, ‘साहेब, सुटे नाहीत!’ आता तुम्हीच सांगा, दुकान तुझं, गल्ला तुझा, आणि सुटे काय मी घरून दळून आणू? आमच्या कोपऱ्यावरचा वाणी हो! उरलेल्या पैशांच्या बदल्यात हातावर गोळ्या ठेवतो. लिंबाच्या. चिकट! एक दिवस माझं डोकं फिरलं. साठलेल्या बरणीभर गोळ्या त्याच्या काट्यावर ओतल्या, म्हटलं, ‘हे घ्या पैसे, काढा साबण! तुम्ही दिली तर पैसा आणि मी दिली तर गोळी, हा कुठला न्याय?’

वाटलं, भांडेल. भांडला नाही हो! एक गोळी उचलून उजेडात धरली. मग हळूच म्हणाला, ‘खरंय की. नोट म्हणजे कागद, नाणं म्हणजे धातू, मोबाइलमधला तर नुसता आकडा. समोरचा घेतो तो पैसा!’

सोबत आमची ही होती, ती हसली. हिचं हसणं म्हणजे... आधी नाकातून फुर्र, मग उचकी, शेवटी ‘आई गं!’ वाणी म्हणतो, ‘वहिनी, हेही चालेल.’ आणखी एक साबण पुढे सरकवला आणि गल्ला लावला. खण्णकन!

फुकटचा साबण! मी खूश. घरी येऊन माझा ठेवणीतला विनोद सांगितला. ही म्हणाली, ‘छान होता.’ छान होता?! अहो, लग्नापासून त्याच विनोदावर लोळायची ही! गुदगुल्या केल्या, तर गळ्यावर हात फिरवत म्हणते, ‘अहो, इथे काहीतरी होतं हो... आठवत नाही.’

तसाच वाण्याकडे धावत गेलो. ‘हिचं हसू परत द्या!’

‘ते होय? मघाशीच दूधवाल्याला दिलं. सुटे नव्हते.’

दूधवाल्याने न्हाव्याला दिलेलं! न्हाव्याच्या दारात पोचतो तर खुर्चीत कुणी परका, तोंडाला फेस, आणि त्या फेसातून... फुर्र! उचकी! मी गर्दीतून आत शिरेपर्यंत तोही तोंड पुसून, सुट्यांऐवजी मिळालेलं ते हसू घेऊन गेलेला.

आता जिन्यात ऐकू येतं, बँकेच्या रांगेत ऐकू येतं... माझ्या बायकोचं हसू गावभर फिरतंय आणि ती घरात मुकाट भाजी निवडतेय. तुम्हाला काय वाटलं, हौस म्हणून विनोद सांगत हिंडतो मी? तुम्हाला हसवतो आणि कान देऊन ऐकतो हो...

थांबा! कोण हसलं ते? तिसऱ्या रांगेत... फुर्र... उचकी... ताई, तुम्हीच! द्या हो ते परत! हे घ्या, माझं उभ्या जन्माचं हसू घ्या, त्यातून तेवढं एक...

काय म्हणता? सुटे नाहीत?

...बरं. द्या मग. गोळीच द्या.