शनिवारी सही नाही

नाही साहेब, उठणार नाही मी. पावती फाडा, मग उठतो — असं कसं, ‘जा बाबा’? सिग्नल मोडलाय मी. लाल होता, चांगला लालभडक, तुम्ही शिट्टी मारलीत, मी थांबलो, तुम्ही सायकल कठड्याला लावलीत, मला या खुर्चीवर बसवलंत, आणि आता म्हणता जा. समोर फलक लावलाय की तुमचा — विमानतळाच्या कामाचे डंपर वाढलेत, सायकलस्वारांनीही नियम पाळावेत, अन्यथा दंड. अन्यथा दंड म्हणजे दंड ना? की नुसता फलक? ...काय? मशीन गाडीचा नंबर मागतंय? हां, ते आहे. सायकलला नंबर कुठला आणणार. पूर्वी असायचा हो — पितळेचा बिल्ला, नगरपालिकेचा, माझे वडील चिंचेने घासून लख्ख ठेवायचे. तेव्हा मशीनबिशीन नव्हतं, दिवा नसला की हवालदार सरळ चाकातली हवा सोडून द्यायचा, जा आता ढकलत घरी. तसं करा हवं तर. सोडा हवा. एका नको, दोन्ही चाकांची सोडा. माझं काही म्हणणं नाही.

हसताय. हसा. नाव घ्या लिहून — शमुएल आवासकर, राहणार विचुंबे, त्या नव्या बिल्डिंगा झाल्यात ना शाळेच्या मागे, तिथे. शमुएल. श, मग म ला उकार... नाही, ख्रिश्चन नाही. सगळ्यांना तेच वाटतं. ज्यू. बेने इस्रायल म्हणतात आम्हाला, कोकणातलेच आम्ही, पिढ्यान् पिढ्या इथलेच, घरात मराठीच बोलतो, तुमच्यापेक्षा जरा बेतानं बोलत असेन एवढंच. जुन्या पनवेलमध्ये आमचं सिनेगॉग आहे, तुमच्या आजोबांना विचारा, ते म्हणतील ज्यूंची मशीद. तिथेच निघालो होतो. आज शनिवार ना — शब्बाथ. आमचा विसाव्याचा दिवस. शनिवारी आम्ही पैशाला हात लावत नाही, पेन धरत नाही, सही करत नाही, मोबाइल घरी कपाटात. हे बघा खिसे. हा रुमाल, ही टोपी, बास. म्हणजे दंड आज भरता येणार नाही आणि पावतीवर सहीसुद्धा करता येणार नाही. सूर्य मावळला की करतो. तोपर्यंत बसतो इथे. पुलाची सावली आहे, हवा आहे, मला काही अडचण नाही.

...सायकल कशी चालते? बरोबर पकडलंत. म्हात्रे ना? नेमप्लेटवर आहे, दीपेश म्हात्रे — तर म्हात्रे साहेब, गाडी चालवायची नाही, कारण इंजिनात आग पेटते आणि शनिवारी आग पेटवायची नाही. सायकलमध्ये आग कुठाय? — हा माझ्या वडलांचा युक्तिवाद. आमचे जुडाहभाऊ आहेत, प्रार्थना तेच चालवतात, त्यांना हे अजिबात मान्य नाही, पण मी भिंतीला सायकल लावत असलो की ते बरोब्बर दुसरीकडे बघतात. आणि आमचा इलान, तो रोडपालीहून चक्क रिक्षानं येतो. भाडं शुक्रवारीच देऊन ठेवतो, कोपऱ्यावर उतरतो आणि तिथून असा हाशहुश करत चालत येतो की वाटावं, आख्खं अंतर तुडवत आलाय बिचारा. सगळ्यांना ठाऊक आहे. कोण बोलणार? बोललं आणि तो यायचा बंद झाला, तर?

कारण दहा लागतात हो. दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्या मुख्य प्रार्थना होत नाहीत. नऊ असले तर नऊ जण बसून राहतात, दाराकडे बघत. माझ्या लहानपणी उभं राहायला जागा नसायची, पोरांना खिडकीत बसवायचे. मग एकेक घर गेलं तिकडे इस्रायलला — कोणी लोदला, कोणी अश्दोदला, माझी मुलगी शोशाना बीरशेवाला. आता नऊ आणि मी. मी दहावा... हो, बसले असतील की. आत्ता या घटकेला बसले असतील वाट बघत. नाही नाही, म्हणून घाई करू नका तुम्ही. तुमचं मन चांगलं आहे, ते दिसतंय मला. पण नियम तो नियम, माझ्यासाठी मोडू नका.

मी कधी मोडला नाही, साहेब. कोणालाही विचारा. पनवेलला सिग्नल नव्हते तेव्हाही मी चौकात पाय टेकायचो. वळताना हात दाखवायचो — मागे म्हशीशिवाय कोणी नसलं तरी. आणि आमची एलिशेवा कॅरियरवर. माझी बायको. डबलसीट तेव्हा गुन्हा होता ना, म्हणून चौक दिसला की मी तिला खाली उतरवायचो. ती चौक चालत ओलांडायची, मी सायकलवरून, आणि पलीकडे गेल्यावर परत बस. पुढचा चौक आला, परत उतर. साडी सावरत, पिशवी सांभाळत. लोक बघून हसायचे. ती म्हणायची, “शमुएल, मी बायको आहे का बोचकं? चढव-उतरव करतोस ते!” एकदा मासळी बाजाराजवळ उतरली आणि परत बसलीच नाही. तरातरा चालत सुटली, मी सायकल हातात धरून मागे मागे, अगं ऐक, अगं ऐक, घर येईपर्यंत. दारात वळून म्हणाली, “मोडत जा की रे कधी एखादा. जग बुडत नाही.”

तर मोडला आज.

...नाही, ती नाही आता. गेली. पोटाचं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. असू दे हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. मला नाही वाटत. म्हणजे — कसं सांगू — मी बरा आहे. लोक विचारतात, काका कसे आहात, मी म्हणतो बरा आहे, त्यांना वाटतं म्हातारा लपवतोय. लपवायला काहीतरी असावं लागतं ना? झोप लागते. जेवतो. डाळीत मीठ टाकलं की नाही ते मात्र कळत नाही, शेजारच्या किशोरीताई चाखून सांगतात. शोशाना फोनवर रडते, मी म्हणतो रडू नको, आणि मनात म्हणतो, हिला जमतं कसं? पुरलं त्या दिवशीसुद्धा माझ्या डोळ्याला पाणी नाही. इलान माझ्या कोपराला धरून उभा होता, की हा आता पडेल. मी कशाला पडतोय. मी बघत होतो की त्याच्या बुटाची नाडी सुटलीय. ती त्याला सांगावी का नको, एवढाच विचार.

पण एक होतं. शनिवारी उभं राहायचं. आमच्यात माणूस गेलं की अकरा महिने त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणतात — कद्दीश. मुलगा म्हणतो खरं तर. मला मुलगा नाही, मुलगी दूर, म्हणून मी. बाकीचे बसलेले असतात आणि ज्याचं माणूस गेलंय तो एकटा उभा राहून म्हणतो, बाकीचे आमेन म्हणतात. गंमत सांगू? त्यात तिचं नाव नाही. मेल्याचा, दुःखाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. आणि मला त्या देवाशी फार काही बोलायचंय असंही नाही. पण उभा राहिलो की कळतं, हां, मी एलिशेवाचा नवरा. लोक बघतात, हा उभा आहे म्हणजे ह्याचं कोणीतरी गेलंय. मला स्वतःला कळत नाही ना, म्हणून ते बघतात ते बरं वाटतं. तेवढ्यासाठी मी शुक्रवारी सायकलची चेन पुसून ठेवतो.

आज शेवटचं. अकरा महिने झाले. आजचं म्हटलं की संपलं, पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसारखा बसलेला असणार आणि दुसऱ्या कोणालातरी आमेन म्हणणार. जुडाहभाऊंनी गेल्या खेपेला हात धरून सांगितलं, “शमुएल, पुढच्या शनिवारी झालं बरं का तुझं.” जणू बँकेतलं काम. चांगला माणूस आहे. चुकीचं काहीच बोलले नाहीत.

...हो, म्हणूनच तर ‘जा’ म्हणताय, कळलं मला. पण असं बघा ना, काल त्या दूधवाल्याला तुम्ही याच खुर्चीवर बसवलंत, उलट्या बाजूनं आला म्हणून. दंड भरायला नव्हते त्याच्याकडे तर घरून माणूस पैसे घेऊन येईपर्यंत सोडलं नाहीत, कॅन उन्हात, तो गयावया करत होता — मग त्याला एक न्याय आणि मला...

नाही, म्हणजे मी सहज उभा होतो काल. पलीकडे. भाजी घेत होतो.

बरं, भाजी नव्हतो घेत.

बघत होतो तुम्हाला. दूधवाल्याकडे पैसे नव्हते म्हणून तो अडकला. म्हटलं, शनिवारी माझ्याकडे पैसे नसतात. सही नसते. फोन नसतो, कोणाला बोलावता येत नाही. मला संध्याकाळपर्यंत सोडताच येणार नाही कोणाला. रात्री अंथरुणावर पडून सगळं मांडलं, कुठून यायचं, कुठे तुम्हाला नीट दिसेन. आणि आज सकाळी इथे आलो, हिरवा होता, साहेब. जाता येत होतं मला. मी पाय टेकून थांबलो, मागचा रिक्षावाला शिव्या देत गेला. लाल होऊ दिला. तुम्ही इकडे बघेपर्यंत थांबलो, आणि मग निघालो. छातीत असं धडधडलं — किती महिन्यांनी धडधडलं! शिट्टी वाजली तेव्हा बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

वेड लागलं नाही मला. मी नसलो तर ते नऊ. नऊ असले तर म्हणता येत नाही. मग शेवटचं राहिलं की नाही? राहू दे ना. तिचं सगळं आवरून झालं — साड्या दिल्या, औषधं फेकली, रेशनकार्डावरचं नाव काढलं, चष्मासुद्धा कोणी मागितला तर देऊन टाकला. सगळं कसं नीट, नियमाप्रमाणे. एक काहीतरी तिचं राहिलेलं असू दे, ज्याच्यासाठी मला अजून जायचंय. तुम्ही उलव्याकडचे ना? बोलण्यावरून वाटतं. तुमचं गाव उठलं असेल विमानतळात, नवं घर मिळालं असेल, टाइल्सबिइल्स. पण आजीला पत्ता विचारला तर ती अजून कुठला सांगते? ...बघा. सांगते ना जुना? आणि तुम्ही काही तिला सुधारायला जात नाही.

मग मलाही बसू द्या.

...ते नऊ? हो. ते मात्र लागतं मनाला. लागतं म्हणजे — माहीत आहे की लागायला हवं. इलान एव्हाना कोपऱ्यापर्यंत येऊन बघून गेला असेल. शमुएल कधी उशीर करत नाही, म्हणजे डंपरनं उडवला, असंच धरून चालणार ते. जुडाहभाऊंना चालवत नाही हल्ली, तरी काठी घेऊन निघतील. अहो पण तुम्ही उठलात कशाला? सायकल कुठे नेताय माझी? राहू दे, स्टँड नीट लागत नाही तिचं, पडेल — नको, मी म्हटलं ना, पावती फाडल्याशिवाय — असं धरून उठवू नका मला, उठतो मी, उठतो. टोपी राहिली खुर्चीवर. द्या इकडे.

बसलोय सायकलवर. आता? सिग्नल लाल आहे, साहेब. बघा वर. लाल आहे, मी थांबणार. हिरवा होईपर्यंत तरी थांबणार, तेवढं तरी माझं... अहो, हे काय? रस्त्यात कशाला उतरताय — तो डंपर बघा — थांबला? तुमच्या हाताला थांबला तो. ती बसही थांबवलीत? माझ्यासाठी? हॉर्न मारतायत सगळे. कशाला शिव्या खाताय माझ्यापायी, अहो, मला लाल आहे अजून! ...हो. माहीत आहे मला. सिग्नल काहीही असो, पोलिसानं हात केला की त्याचा हात ऐकायचा, हाच नियम आहे. माहीत आहे हो. मला नाही माहीत तर कोणाला.

करा खाली हात, साहेब. दुखेल. निघालो मी.