बाबांच्या गालावरची माशी

माशी मारण्यात आमचा काका स्वतःला उस्ताद समजतो, बरं का. एकदा होडी विकण्यावरून तो आणि बाबा वर्षभर बोलत नव्हते. आत्येबहिणीच्या लग्नात पंगतीला नेमके शेजारी बसले. बाबांच्या खिरीवर माशी घोंघावत होती. ते हात उचलायचे, ती आधीच उडायची. शेवटी काकाला राहवेना.

"दादा, बसली आसा थंय मारू नको. तिका हात आधीच दिसता. उडतली थंय मार."

"मगे तूच दाखव मारून!"

माशी बाबांच्या गालावर बसली. काकाने नेम धरून कानाजवळ चापट मारली. माशी निसटली, चापट बाबांना बसली.

बाबा गाल चोळत म्हणाले, "वरसभर ह्याच होता मां रे तुझ्या मनात?"

"होता तर! पण निमताक माशी खंय गावत होती?"

आधी बाबाच हसले.