चाकाखालच्या पाचरी

इंदिरा : आबा, आता बस करा ना. किती वेळा मोटार पुढे-मागे कराल? प्रत्येक धक्क्याला आई आत पलंगावर हलते.

जयसिंगराव : जरासंच राहिलंय. पुढचं उजवं चाक पाचरीवर आणखी बोटभर चढायला हवं. आत थाळी ठेवलीय, ती बघून सांग. पाणी कुठल्या काठाला जास्त लागलंय?

इंदिरा : दाराच्या बाजूला. पण अगदी थोडं. चलता है.

जयसिंगराव : 'चलता है' म्हणणारा माणूस आमच्या मोटारखान्यात एक दिवस टिकला नसता. दरबारची छावणी कुठेही पडो, डोंगरात पडो की नदीकाठी, ही मोटार मी लावायची. आत भरलेली थाळी ठेवायची आणि पाणी सगळ्या काठाला सारखं लागेपर्यंत पाहुण्यांना पायरी चढू द्यायची नाही. आतला पलंग मोटारीच्या तळाला जखडलेला. मोटार वाकडी तर झोपणारा वाकडा. मोटारखान्याचे मुख्य अप्पासाहेब स्वतः वाकून थाळी बघायचे.

इंदिरा : ती छावणी गेली, आबा. दरबार गेला, राजधानी भोपाळला गेली. अप्पासाहेबसुद्धा गेले. लिलावातून मोटार तुम्ही उचलून आणलीत, आता तुम्हाला कोण विचारणार आहे?

जयसिंगराव : तुझी आई झोपणार आहे तिच्यात, म्हणून मीच मला विचारतो. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या बायकांच्या गाद्या सपाट केल्या. घरी आलो की बडा गणपतीच्या देवळामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत ही विचारायची, "आतून कशी असते हो ती मोटार?" मी हसण्यावारी न्यायचो. आता म्हटलं, एकदा राणीसारखी नेऊ तिला. देपालपूरला, गिरिजाच्या दारापर्यंत. रस्त्यात थांबत, झोपत जाईल. बहिणी-बहिणी भेटतील.

इंदिरा : ते मला समजतं. पण...

जयसिंगराव : या पाचरींसाठी सियागंजचा अख्खा बाजार पालथा घातला मी. दुकानदार आंब्याच्या दाखवत होता. आंबा वजनानं दबतो, मग फाटतो. बाभूळच पाहिजे. आणि लांब पाहिजे. आखूड पाचरीवर चाक उडी मारून चढतं, आतल्याला दणका बसतो. लांबीवर कसं चढलं ते कळतही नाही. वर खाचा पाडून घेतल्या, चाक घसरू नये म्हणून. सुतार वैतागला. म्हणाला, रावसाब, मोटार चढवायची आहे की नवरी?

इंदिरा : आबा, एक सांगू? रागावू नका.

जयसिंगराव : बोल की.

इंदिरा : आई सपाट झोपू शकत नाही.

जयसिंगराव : काहीतरीच. आज सकाळीच विचारलं मी तिला, काल झोप लागली का. म्हणाली, अशी झोप जन्मात लागली नव्हती.

इंदिरा : ती रात्रभर बसून होती. खिडकीची चौकट धरून. सपाट पडलं की तिला दम लागतो, पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणते. इस्पितळात नर्सनं तिच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. बायकांचा वॉर्ड, तुम्हाला रात्री येऊ देत नव्हते. आणि सकाळी तुम्ही यायच्या आत ती मला वेणी घालायला लावायची, तोंड पुसायला लावायची.

जयसिंगराव : मग पाठीशी उशा का नाही लावल्यास?

इंदिरा : लावल्या होत्या. माझी वळकटीपण लावली. तिनं सगळं काढून टाकलं. म्हणाली, "उशा दिसल्या तर त्यांना वाटेल मोटार वाकडी लागली. दिवसभर त्या पाचरींशी झटतात बिचारे. त्यांचा हात चुकला असं त्यांना वाटायला नको."

जयसिंगराव : असं म्हणाली?

इंदिरा : शपथ घातली होती मला. आज मोडली. अजून एक रात्र बघवणार नाही मला.

जयसिंगराव : लक्ष्मी. ए लक्ष्मी. ऐकतेस का?

लक्ष्मीबाई : ऐकतेय. फळ्यांची तर भिंत आहे. सगळं ऐकू येतं.

जयसिंगराव : कधीपासून चाललंय हे?

लक्ष्मीबाई : झाली दिवाळी... तेव्हापासून.

जयसिंगराव : घरी कशी झोपायचीस मग?

लक्ष्मीबाई : घरी पाठीला भिंत होती. तुम्ही ओसरीवर. तुम्हाला काय दिसणार.

जयसिंगराव : अगं, पण मला सांगायचंस तरी. मी काय परका आहे?

लक्ष्मीबाई : काय सांगायचं? तुम्ही थाळी ठेवली... गुडघे टेकून बघत बसलात. पाणी सारखं लागलं तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. त्या राण्यांसाठी जे करायचात, ते माझ्यासाठी करत होतात. मग ते बरोबर नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

जयसिंगराव : मला कळायला हवं होतं, लक्ष्मी. मोटारीची बोटभर वाकडी बाजू मला दिसते, आणि तू रात्रभर बसलीस ते दिसलं नाही.

लक्ष्मीबाई : जाऊ द्या. तुमचा तरी काय दोष.

जयसिंगराव : जाऊ कसं द्यायचं? पलंग जखडलेला, विटा काही लागायच्या नाहीत. इंदिरा, वर जा आणि आईला घट्ट धरून बस. मोटार फिरवतो. पलंगाचं डोकं पुढे आहे, तेव्हा मोटारीचं तोंड चढाकडे करू, आणि पुढची दोन्ही चाकं लांब पाचरींवर घेऊ. पार वरपर्यंत.

लक्ष्मीबाई : अहो, नको. हातोदचा बाजार आहे आज. अख्खा रस्ता वाहतोय. तुम्हाला ओळखणारे असतील त्यात. मोटार वाकडी दिसेल.

जयसिंगराव : दिसू दे.

(ज्या माणसानं आयुष्यात मोटार कधी तिरपी उभी केली नव्हती, त्यानं ती भर बाजाराच्या दिवशी, रस्त्याच्या कडेला, नाक वर करून उभी केली. मागच्या चाकांना दगड लावले. बैलगाडीवाले वळून वळून बघत होते, एकानं हसून विचारलंही, पण जयसिंगरावांनी मान वर केली नाही. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते मोटारीच्या दिसण्यासाठी नव्हतं. हात पुसून ते आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.)

जयसिंगराव : आता टेक मागे. हळू. कसं वाटतंय?

लक्ष्मीबाई : थांबा... हं. छातीवरून कोणी उठलं बघा.

जयसिंगराव : घसरत नाहीस ना खाली?

लक्ष्मीबाई : नाही. आकाश दिसतंय खिडकीतून. काल नुसतं झाडाचं खोड दिसत होतं. अहो, एक मागू?

जयसिंगराव : माग.

लक्ष्मीबाई : उद्या इथून हलवू नका मला.

जयसिंगराव : गिरिजा वाट बघतेय गं. तुझ्या ओटीचं सामान काढून ठेवलंय म्हणून निरोप होता तिचा. माहेरी जायचं म्हणून तर निघालो आपण.

लक्ष्मीबाई : माहीत आहे. मलाच जायचं होतं. पण तो रस्ता आता होणार नाही माझ्यानं. इथं झोप येतेय मला. खरीखुरी. झोपू द्या.

जयसिंगराव : झोप. नाही हलवत.

इंदिरा : आबा, जरा खाली येता? ती झोपली. बघा ना, लगेच झोपली. किती दिवसांनी तिचा श्वास असा सारखा चाललेला ऐकला मी.

जयसिंगराव : हळू बोल.

इंदिरा : आबा, इस्पितळातून निघताना डॉक्टर मला इंग्रजीत काही बोलले होते. मी तुम्हाला पूर्ण नाही सांगितलं.

जयसिंगराव : सांगू नकोस. मला इंग्रजी येत नाही, पण बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

इंदिरा : तुम्हाला ठाऊक होतं?

जयसिंगराव : ठाऊक होतं म्हणून तर इतक्या घाईनं मोटार काढली, बाई. वाटलं, निदान एवढं तरी जमेल.

इंदिरा : रडू नका ना, आबा. तिला ऐकू येईल. मावशीला काय कळवायचं? दोन दिवस उशिरा येतो म्हणून सांगू?

जयसिंगराव : नको. देपालपूरची दुपारची बस इथूनच जाते. आपला गजानन कंडक्टर असतो तिच्यावर. त्याच्याकडे निरोप दे. म्हणावं, आम्ही येत नाही, तूच ये.

इंदिरा : ओटीचं सामान घेऊन यायला सांगू?

जयसिंगराव : सामान राहू दे. अंगावरच्या लुगड्यानिशी निघ म्हणावं. आजच.